शेवट नसलेली गोष्ट

गेल्या दिवाळीत आमची नात गावी आली ती तीन मैत्रिणी, दोन कॅमेरे आणि एक भूत घेऊन. भूत अजून तयार व्हायचं होतं. त्यासाठी आमच्या जुन्या घराचा माळा, परसातली विहीर आणि माझ्या आईच्या वेळचा कंदील एवढं सामान तिला हवं होतं. ती पुण्याच्या एका महाविद्यालयात मास मीडिया की काय म्हणतात ते शिकते. दुसऱ्या वर्षाला त्यांना एक प्रकल्प होता. एका भयपटाचा दोन मिनिटांचा ट्रेलर करायचा आणि तो लोकांपर्यंत कसा पोचवणार याची योजना लिहायची.

"आणि पिक्चर?" मी विचारलं.

"पिक्चर नाहीये आजोबा. फक्त ट्रेलर."

म्हणजे लग्न ठरलेलं नाही आणि पत्रिका मात्र छापायला टाकली! सौ. म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? कंदील काढून द्या." मी कंदील काढून दिला, काच पुसून दिली आणि विहिरीच्या कठड्यावर कोणी चढायचं नाही अशी तंबी देऊन पेपर वाचत बसलो.

रात्री जेवणं झाल्यावर मुली ओसरीवर योजना लिहीत बसल्या होत्या. मोठ्या कागदावर तीन रकाने आखले होते. पहिला आठवडा: चौघींपैकी एकीचा फोटो, खाली तिचं खरं नाव आणि 'हरवली आहे' अशी सूचना. ती सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, पिक्चरचं नावही काढायचं नाही. दुसरा आठवडा: तिच्या मोबाइलवर सापडलेला म्हणून एक आवाज. तिसरा आठवडा: ट्रेलर.

"आयडिया आमची नाही हं आजोबा," नात म्हणाली. "अमेरिकेतल्या फिल्म स्कूलच्या मुलांनी हेच केलं होतं. ब्लेअर विच. आमच्या अभ्यासक्रमात आहे."

मी तेव्हा काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. ते माझ्याच एका जुन्या चुकीत आहे. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस, त्याला आधी मागची पानं उलटल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा मंडळी, थोडं मागे जाऊ.

'ट्रेलर' या शब्दाचाच अर्थ मागून फरफटत येणारा. सुरुवातीला या जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये नील्स ग्रॅनलंड नावाच्या एका प्रसिद्धी-माणसाने 'द प्लेझर सीकर्स' या संगीतिकेची अशी छोटी चित्रफीत करून थिएटरात दाखवली, ती पहिल्या काहींपैकी एक. पण खेळ संपला की लोक उठून चालू लागतात, हे सगळीकडे सारखंच. मग हा मागचा डबा इंजिनाच्या पुढे जोडला गेला. नाव मात्र तेच राहिलं.

आपल्याकडे या गोष्टीला फार जुना शब्द आहे. बी. ए. ला असताना संस्कृत नाटकाच्या तासाला तो पाठ केला होता: प्ररोचना. भरताच्या नाट्यशास्त्रात तो येतो. नाटक सुरू होण्याआधी सूत्रधार पुढे येतो, कवीचं आणि नाटकाचं नाव सांगतो, त्यांची थोडी स्तुती करतो, प्रेक्षकांचीही करतो आणि त्यांची उत्सुकता वाढवतो. ही झाली प्ररोचना. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे लक्षण पन्नास वर्षांनी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ते लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पैसे उभे करण्यासाठी आधी एक तुकडा करून दाखवायचा, ही युक्तीही आपल्याकडे जुनी आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटाला पैसा लावायला कोणी तयार होईना. हलती चित्रं इथे, या हातांनी होऊ शकतात यावर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत त्या वेलाची वाढ टिपली. झाली जेमतेम मिनिटभराची फिल्म: 'अंकुराची वाढ'. ती मोजक्या लोकांना दाखवली. महिन्याची वाढ मिनिटात डोळ्यांसमोर झालेली पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते वेगळेच. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला.

त्याच्या जाहिरातीचा किस्सा प्रसिद्ध आहे. सुरतेला खेळ लावला तर तीन आण्यात एवढासा सिनेमा बघायला गिऱ्हाईक येईना, कारण लोकांना सहा-सहा तासांची नाटकं बघायची सवय. तेव्हा जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं तीन आण्यात! मी एकदा वर्गात मुलांना हे गणित घातलं होतं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. ५७,००० भागिले १६, म्हणजे साडेतीन हजार फुटांहून थोडी जास्त. मैल होतो ५,२८० फुटांचा. म्हणजे चित्रांचा आकडा खरा असला तरी चित्र मैलभरसुद्धा भरत नाही! दादासाहेबांनी जवळजवळ तिप्पट फुगवलं होतं. मुलं खूश झाली होती. पण त्या फुगवण्याने कोणाचं नुकसान झालं? कोणाचंच नाही. तिकीट काढून आत गेलेला माणूस मैल मोजत बसत नाही.

फाळक्यांच्या वाटाण्यासारखीच गोष्ट, पण भुताची, १९७८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात घडली. सॅम रायमी नावाचा विशीतही न पोचलेला विद्यार्थी, त्याचा विद्यापीठातला साथीदार रॉबर्ट टॅपर्ट आणि शाळेपासूनचा मित्र ब्रूस कॅम्पबेल यांना भयपट करायचा होता. त्यांनी सोळाशे डॉलरच्या आसपास जमवले आणि घरगुती सुपर-एट कॅमेऱ्यावर अर्ध्या तासाचा नमुना केला, 'विदिन द वुड्स'. तो घेऊन ही पोरं डॉक्टर, वकील, व्यापारी अशा लोकांच्या दारोदार फिरली. सिनेमाशी संबंध नसलेली ही माणसं घाबरली आणि पैसे देती झाली. त्यातून झालेला 'द एव्हिल डेड' १९८१ च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात पहिल्यांदा लागला. थिएटरबाहेर रुग्णवाहिका उभ्या करून ठेवल्या होत्या, कोणी भीतीने आडवं पडलंच तर असावी म्हणून!

हा रुग्णवाहिकेचा गुण त्यांनी एका वस्तादाकडून घेतला होता. त्याचं नाव विल्यम कॅसल. १९५८ साली 'मकाब्र' लावताना त्याने प्रत्येक प्रेक्षकाला विम्याचं कागदपत्र दिलं. सिनेमा बघताना भीतीने मेलात तर लंडनच्या लॉइड्सकडून वारसांना एक हजार डॉलर. दारात नर्स उभ्या. पुढच्या वर्षी 'द टिंगलर'साठी त्याने काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रं बसवली. आपल्याकडे २००८ साली रामगोपाल वर्मांनी 'फूंक' थिएटरात एकट्याने बसून पाहणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं, ते याच घराण्यातलं.

आणि या सगळ्यांत मला सर्वात आवडतो तो हिचकॉकने केलेला 'सायको'चा ट्रेलर, १९६० सालचा. सहा मिनिटांहून मोठा. त्यात चित्रपटातला एकही प्रसंग नाही! स्वतः हिचकॉक कोट घालून, एखाद्या किल्ल्यावरच्या गाइडसारखा, ते मोटेल आणि मागचं घर आपल्याला हिंडून दाखवतो. इथे असं झालं, तिथे तसं झालं, असं अर्धवट सांगतो आणि तोंड वाकडं करून पुढे जातो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो, आणि एक किंकाळी. बस. लोक घाबरले, पण प्रत्येकाला माहीत होतं की समोर सिनेमावाला उभा आहे आणि तो सिनेमा विकतो आहे.

इथपर्यंत ठीक होतं. आता मुलींच्या त्या ब्लेअर विचकडे येतो.

डॅनिअल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या विद्यापीठात सिनेमा शिकणारे दोन विद्यार्थी. १९९३ च्या सुमारास त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. लहानपणी टीव्हीवर पाहिलेले, खऱ्या घटना म्हणून दाखवलेले भुताखेतांचे कार्यक्रम त्यांना कुठल्याही भयपटापेक्षा जास्त भीतिदायक वाटले होते. तेव्हा भयपट असा करायचा की तो भयपट वाटताच कामा नये. तीन विद्यार्थी जंगलात एका चेटकिणीवर माहितीपट करायला जातात आणि नाहीसे होतात. वर्षभराने त्यांनी केलेलं चित्रण सापडतं. तेच आपण बघतो आहोत.

पैसे नव्हतेच. म्हणून त्यांनी आठ मिनिटांची एक फीत केली. फाळक्यांचा वाटाणाच म्हणा ना. फरक एवढाच की त्यात ही घटना खरीच घडली आहे असं मांडलं होतं. जॉन पिअर्सन नावाच्या जाणकाराने ती पाहिली, आणि त्यालाही आधी ती खरी वाटली. त्याने आपल्या टीव्ही कार्यक्रमात ती दाखवली आणि लोकांची पत्रं यायला लागली. १९९८ साली सांचेझने इंटरनेटवर एक जागा उघडली. तिथे चेटकिणीची १७८५ पासूनची सनावळी होती, जुने फोटो होते, पोलिसांना सापडलेल्या वस्तू होत्या. सगळं रचलेलं! मी चाळीस वर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या आहेत, म्हणून सांगतो, वाक्याच्या आधी साल घातलं की माणूस शंका घ्यायचा थांबतो. 'एकदा एका गावात' म्हटलं की ती गोष्ट होते. '१७८५ साली' म्हटलं की इतिहास होतो. पोरांनी हे बरोब्बर ओळखलं होतं.

चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरात मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत उरकलं होतं. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकल विल्यम्स हे तीन नवखे नट. कॅमेरे त्यांच्याच हातात. लिहिलेले संवाद नाहीत. कुठे जायचं ते उपग्रहाच्या यंत्रावर बघायचं, तिथे डब्यात प्रत्येकासाठी चिठ्ठी ठेवलेली, आज तुझ्या मनात काय चाललंय एवढंच तीत लिहिलेलं. दिवसागणिक जेवण कमी होत गेलं. रात्री दिग्दर्शक मंडळी तंबूभोवती आवाज करायची. थकवा खरा, भूक खरी, चिडचिड खरी. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. तिघांनी पडद्यावर आपली खरी नावं वापरली.

जानेवारी १९९९ मध्ये सनडान्सच्या महोत्सवात चित्रपट मध्यरात्री दाखवला गेला. गावभर या तिघांचे फोटो लावलेली 'हरवले आहेत' अशी पत्रकं वाटली होती. आर्टिझन नावाच्या कंपनीने चित्रपट सुमारे ११ लाख डॉलरना विकत घेतला. मग योजना आणखी पक्की झाली. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या इंटरनेटवरच्या सूचीत तिघांच्या नावापुढे 'बेपत्ता, मृत असावेत' असं लागलं. जुलैत चित्रपट लागण्याच्या तोंडावर टीव्हीवर खोटा माहितीपट दाखवला गेला. हयात असलेल्या तिघांना लोकांच्या नजरेआड ठेवण्यात आलं. चित्रीकरणाचा खर्च लाख डॉलरच्याही आत होता. जगभरातून जमले सुमारे २५ कोटी डॉलर. जाहिरातीच्या इतिहासात असा धडा दुसरा नसेल. अभ्यासक्रमात तो आहे यात नवल नाही.

पण धडा इथे संपत नाही, आणि मुलींच्या कागदावर तो इथेच संपला होता.

हेदरच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं यायला लागली. मुलगी घरी धडधाकट आणि पोस्टमन दुखवट्याची कार्डं आणून देतो आहे. बर्किट्सव्हिल या जेमतेम दोनशे वस्तीच्या खेड्याचं नाव चित्रपटात होतं. तिथे हौशे-नवशे झुंडीने आले आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरून नेल्या. ज्या अभिनयाने लोकांची झोप उडाली त्याबद्दल हेदरला त्या वर्षीच्या सर्वात वाईट अभिनेत्रीचं टवाळीचं पारितोषिक देण्यात आलं. अभिनय करतच नाही असं दाखवणं हाच जिथे अभिनय, तिथे शाबासकी कोण देणार? दुसऱ्या भागात आपली नावं नि चेहरे वापरले म्हणून तिघांना कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढे हेदरने अभिनय सोडला, आणि नंतर तर कायद्याने आपलं नावच बदलून घेतलं. २०२४ साली, पंचवीस वर्षांनी, या तिघांनी जाहीर पत्र लिहून आपल्या कामाचा रास्त मोबदला मागितला आणि आमची नावं वापरताना आम्हाला विचारत जा असं म्हटलं.

आपल्याच आईवडिलांनी ठेवलेलं नाव बदलून घ्यावंसं वाटणं म्हणजे काय, याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

आता माझी गोष्ट.

१९८४ साल असावं. मी तालुक्यातल्या एका शाळेत होतो. ग्रंथालयाला कपाट नव्हतं, पुस्तकं जमिनीवर गठ्ठ्यांत पडलेली. स्नेहसंमेलनात तिकीट लावून एकांकिका करायची आणि कपाट घ्यायचं असं ठरलं. एकांकिका मीच लिहिली. भुताची होती, पण विनोदी. शाळेमागच्या खोलीत रात्री कोणी तरी रडतं असा गवगवा होतो आणि शेवटी निघतं काय, तर फुटक्या रांजणात शिरणारा वारा. तिकीट एक रुपया. पण रुपया द्यायला लोक यावेत कसे?

मी एस. टी. स्टँडवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: "शाळेच्या मागच्या खोलीत रात्री कोण रडतं? शिपाईमामांनी काय पाहिलं? शनिवारी रात्री ९ वाजता कळेल." नाटक हा शब्दच घातला नाही. त्यानेच तर मजा होती.

मागची खोली खरी होती. आमचे शिपाईमामा बायको आणि तीन लेकरांसह तिथे राहत. मी त्यांना विचारलं होतं बरं का. "लिवा की गुरुजी," म्हणून हसले होते. गुरुजींना नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी मंडप फुटायची वेळ आली. रांजण निघाला तेव्हा लोक पोट धरधरून हसले. कपाट आलं, काचेचं. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं.

साधारण चार महिन्यांनी मामा शाळा सुटल्यावर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. थोरल्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाल्ले, मुलगी पसंत पडली, आणि उठताना एकाने विचारलं, "त्या खोलीत ऱ्हाता न्हवं तुम्ही?" परत निरोप आला नाही. हे दुसऱ्यांदा झालं होतं. मामा म्हणाले, "गुरुजी, नाटक तुमचं झालं. आमचं अजून चालू हाय."

मी त्या पाहुण्यांच्या गावी गेलो. सायकलवर, आठ-नऊ किलोमीटर. मीच तो मजकूर लिहिला, ते नाटक होतं, रांजण होता, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, हसले आणि म्हणाले, "तसं काय नाय गुरुजी, पण नको." तेव्हा मला उमगलं. नाटक बघायला आले ते तीनशे लोक. पण स्टँडवर एस. टी.ची वाट बघत तो फळा वाचला तो बारा वाड्यांनी. त्यांच्यापर्यंत रांजण पोचलाच नाही. शेवट मंडपात राहिला आणि सुरुवात तेवढी गावोगाव गेली.

मुलीचं लग्न पुढे झालं, दोन वर्षांनी, लांबच्या गावी. मामांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. ते आता नाहीत. माफी मागायची राहून गेली.

ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. त्या सकाळी मुलींना सांगितली.

नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, पण तेव्हा फळा होता. आता आपण नंतर लिहू शकतो ना, की हे खोटं होतं म्हणून. सगळ्या ग्रुपवर टाकू."

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर माझ्या अनुभवात नव्हतं, पण आपल्याच राज्याच्या अलीकडच्या इतिहासात होतं. २०१८ च्या सुमारास मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या चित्रफिती देशभर मोबाइलवर फिरत होत्या, आठवतं? त्यातली एक बरीच पसरली होती. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे पोराला परत आणून सोडतात आणि मुलांना जपा असा फलक दाखवतात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा खरा म्हणून हिंडला. अशा अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावाने पाच माणसांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

मुलींचं 'हरवली आहे' आणि राईनपाडा यांत काहीच अंतर नाही असं मला म्हणायचं नाही. खूप अंतर आहे. पण खरं नाव आणि खरा फोटो घेऊन ती सूचना निघाली की ती कोणाच्या हातात पडेल, तिथे कोण संशयित ठरेल, हे कोण सांगणार? आणि मागून पाठवलेला खुलासा पहिल्या निरोपाच्या मागून फरफटतच येतो. तोपर्यंत लोक उठून गेलेले असतात. ट्रेलर शब्दाचा मूळ अर्थ इथे लागू पडतो तो असा.

जिचा फोटो वापरायचा होता ती मुलगी इतका वेळ ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "माझी आजी लातूरला असते. तिला मोबाइलवर आलेलं सगळं खरंच वाटतं."

त्यावर कोणी काही बोललं नाही. नातीने कागदावरचा पहिला रकाना खोडला.

"मग घाबरवायचं कसं?" तिने जरा घुश्शातच विचारलं.

मी म्हटलं, हिचकॉकने कसं घाबरवलं? आणि तो आपला सूत्रधार? शेकडो वर्षं तो पुढे येऊन सांगतो आहे की हे नाटक आहे, अमक्या कवीने रचलं आहे. एवढं सांगून झाल्यावरही लोक रडायचे थांबले का? प्ररोचनेत स्तुती चालते, थोडं फुगवलेलंही चालतं, दोन मैल लांबीचं चित्रसुद्धा चालतं. पण कवीचं आणि नाटकाचं नाव सांगायचं. तेवढं एक कुंपण आपल्या लोकांनी घालून ठेवलं आहे. ते पंडितांनी उगाच घातलं असेल असं मला वाटत नाही.

२००९ साली 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' नावाच्या अगदी स्वस्तात केलेल्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये अंधारात बसलेले प्रेक्षकच दाखवले होते, दचकणारे, एकमेकांना धरणारे. ही माहिती मात्र नातीने मला पुरवली. आणि तिथून मुलींची गाडी रुळावर आली.

ट्रेलर असा झाला. अंधार. माझा आवाज, म्हाताऱ्या सूत्रधाराचा: "हा खेळ चार मुलींनी रचला आहे. असा चित्रपट नाही. असं भूत नाही. हे घर मात्र आहे." मग कंदील जिना चढतो. माळ्याचं दार. कॅमेरा आत जातच नाही. तो वळतो, आणि खाली उभ्या असलेल्या आमच्या सौ.चा चेहरा दिसतो. तिला काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. फक्त वर बघ म्हटलं होतं, आणि एकीने माळ्यावर पितळी पातेलं हळूच सरकवलं. पडद्यावर शेवटी चौघींची नावं, तीही भूमिकांसह. प्रसिद्धीच्या योजनेत त्यांनी लिहिलं की पहिल्या दिवसापासून प्रत्येक चित्रावर ट्रेलरचं आणि करणाऱ्यांचं नाव राहील, कापून टाकता येऊ नये म्हणून मधोमध. त्यांच्या प्राध्यापकांनी विचारलं म्हणे, की यामुळे कमी लोक बघतील असं नाही वाटत? नात म्हणाली, "वाटतं सर."

तिला मार्क किती मिळाले ते मी विचारलेलं नाही.

असो. लांबलं थोडं, मास्तरांची सवय! एक सांगायचं राहिलं. दिवाळी उलटून बरेच दिवस झाले, तरी आकाशकंदील अजून खालीच, कोनाड्यात पडला आहे. तो माळ्यावर ठेवायला सौ. एकटी जात नाही. पातेलं कोणी सरकवलं ते तिला माहीत आहे, ट्रेलर तिने दहा वेळा पाहिला आहे, तरीही. म्हणते, "तुम्ही चला बरोबर."

तुमच्याही गावात असा एखादा फळा, एखादी खोली असेल. आठवलं तर जरूर लिहा. शेवटासकट लिहा.